जुन्या माउंटन बाइकला नवे पार्ट लावावेत का? एका हार्डटेलचं पूर्ण प्रकरण

माझा मामेभाऊ, आमचा दादा, पुण्यात कर्वेनगरला राहतो. वय सत्तेचाळीस, वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. २०१० साली त्याने अॅल्युमिनियम फ्रेमची एक हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेतली होती. २६ इंची चाकं, पुढचं चाक धरणारा, १०० मिमी दबणारा कॉइल स्प्रिंगचा फोर्क, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे आठ असे चोवीस गिअर. काही वर्षं ती खूप फिरली, मग पार्किंगमध्ये कव्हरखाली गेली. यंदा दादाने ती बाहेर काढली आणि मला एक यादी पाठवली: एक बाय बारा गिअर (पुढे एक, मागे बारा चकत्या), एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा), साडेसत्तावीस इंची चाकं, हायड्रॉलिक ब्रेक, ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना खालीवर करता येणारा सीटचा दांडा). खाली एक ओळ होती, "हे सगळं बसतं का आणि किती लागतील?"

बेरीज साठ-पासष्ट हजारांच्या घरात गेली. तेवढ्यात नवी कोरी हार्डटेल येते. म्हणजे पर्याय तीन: यादीप्रमाणे सगळं बदलणं, जुनी विकून नवी घेणं, किंवा जुनीच नीट करून काही मोजकं बदलणं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की २००७ ते २०१२ या काळात बाहेरचे ब्रँड आपल्याकडे आले आणि पुणे, नाशिक, मुंबई, कोल्हापुरात अशा बऱ्याच सायकली घेतल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी आजही सोसायट्यांच्या जिन्याखाली धूळ खात आहेत, फ्रेम धडधाकट असताना. अशी सायकल भंगारात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. आणि नको तिथे पैसे ओतून ती बिघडवलेली पाहिली की जास्तच.

यादी बाजूला ठेवून मी आधी तक्रारी विचारल्या.

"दादा, पार्ट राहू देत. चालवताना त्रास काय होतो ते सांग."

"चढाला चेन उडते. जोर लावला की खटकन घसरते, गुडघा हँडलवर आपटतो."

"अजून?"

"ब्रेक नुसते ओरडतात, लागत नाहीत. आणि अर्ध्या तासात तळहाताला मुंग्या येतात."

कुठे चालवणार, हेही विचारलं. रविवारी सिंहगड, म्हणजे डोणज्यापासून वरपर्यंतचा डांबरी चढ. अधूनमधून वेताळ टेकडी, मुरूम आणि सुटे दगड. आणि मनातली मोठी गोष्ट म्हणजे डिसेंबरमध्ये मागे पिशव्या लावून ताम्हिणीतून माणगाव, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ. कोकणातला हा सागरी रस्ता नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक खाडीशी समुद्रसपाटीला उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो. चढ लांबीने लहान, पण उभे.

तक्रारी, वापर आणि यादी शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. ड्रॉपर आणि साडेसत्तावीसची चाकं यांचा यातल्या एकाही तक्रारीशी संबंध नव्हता.

तपासणी

सुरुवात फ्रेमपासून. फ्रेम गेली असेल तर बाकी सगळं बोलणं व्यर्थ. पोलादाला एका ठरावीक ताणाच्या खाली कितीही वेळा हादरे बसले तरी चालतं. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित रेघ नसते, लहान ताणही वर्षानुवर्षं साचत जातो. त्यामुळे जुन्या अॅल्युमिनियम फ्रेमवर खर्च करण्याआधी चार जागा बघायच्याच: हेड ट्यूब (हँडलखालची उभी नळी) आणि डाउन ट्यूब (तिथून पायडलकडे उतरणारी नळी) जिथे मिळतात त्या वेल्डची खालची बाजू, सीट ट्यूबचं वरचं तोंड, बॉटम ब्रॅकेटमागचे (पायडलच्या आसामागचे) चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या, आणि मागच्या डिस्क कॅलिपरचा (ब्रेकच्या चिमट्याचा) कान, म्हणजे तो फ्रेमला बसतो ती जागा.

दादाच्या सायकलला हेड ट्यूबच्या खाली एक बारीक काळी रेघ होती. ती नुसती रंगाची भेग आहे की धातूची, हे डोळ्यांना कळत नाही. जागा साबणाने धुऊन कोरडी केली, शिलाई मशीनचं पातळ तेल चोळलं, थोड्या वेळाने कापडाने अगदी स्वच्छ पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड लावली. धातूला चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटं टॉर्च धरून बसलो. रेघ उमटली नाही. नख फिरवून पाहिलं तर ते फक्त रंगाच्या काठाला अडत होतं, पुढे नाही. फ्रेम पास. शंका राहिली असती तर मी रंग खरवडायला लावला असता. हेड ट्यूब हा तडजोडीचा भाग नाही, तिथे फ्रेम तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

सीटपोस्ट जागच्या जागी चिकटला होता. फटीत शिरून गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर सुटला. हेही महत्त्वाचं आहे, कारण सीटपोस्ट निघतच नसेल तर सायकल पुन्हा कधी कुणाच्या मापाची करता येत नाही.

मग मागचं चाक. इथे एक प्रश्न असा असतो की त्याच्या उत्तरावर पुढचा अर्धा निर्णय ठरतो: मागच्या दातेरी चकत्यांचा संच म्हणजे हबवर सरकवून बसवलेली कॅसेट आहे की आट्याने बसणारं फ्रीव्हील? चाक काढून दातांची चकती उलटी फिरवायची. मधली पान्याची खाच चकतीबरोबर फिरली तर कॅसेट, खाच जागेवर राहिली आणि दाते फिरले तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आतल्या अंगाला असतं, आस बाहेर उघडी राहते आणि वाकते. तसं निघालं असतं तर मी दादाला सांगितलं असतं की आठ गिअरवरच थांब, यात पैसे घालू नकोस. सुदैवाने कॅसेट होती, शिमानोच्या नेहमीच्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसते तो खाचांचा भाग). हा फ्रीहब आठ, नऊ, दहा आणि माउंटन बाइकच्या बऱ्याच अकरा गिअरच्या कॅसेटना चालतो. हबचे कोन आणि छर्रे काढून पाहिले, खड्डे नव्हते. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, एवढंच.

चेनचं माप घ्यायला वेगळं हत्यार लागत नाही, बारा इंची पोलादी पट्टी पुरते. चेनच्या पिना अर्ध्या इंचावर असतात. शून्यावर एका पिनेचा मध्य ठेवला की तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य नेमका बारा इंचांवर यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला की चेन बदलायची. एक अष्टमांश इंच पुढे गेला की समजायचं, ताणलेल्या चेनने कॅसेटचे दातेही खाल्ले. दादाची चेन त्याच्याही पुढे गेली होती. मधल्या चेनरिंगचे (पायडलकडच्या दातेरी चकतीचे) दाते मगरीच्या दातांसारखे एका बाजूला कललेले. चढाला चेन उडण्याचं कारण हे. गिअर आठ आहेत की बारा, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ब्रेकचं कारण अजून साधं होतं. आवाज बंद व्हावा म्हणून मध्ये कुणीतरी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, वंगणाचा स्प्रे मारला होता. डिस्क ब्रेकचं पॅड एकदा तेल प्यायलं की जवळपास गेलंच. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, आणि तारेच्या आवरणात गंज होता. लिव्हर दाबायला जोर लागायचा आणि तो जोर कॅलिपरपर्यंत पोचायचाच नाही.

मुंग्यांची कारणं तीन निघाली. टायरमध्ये दादा ६० पीएसआय (दाबाचं माप) हवा भरत होता, "पंक्चर होऊ नये म्हणून." फोर्क जवळपास जाम, सीलखालच्या नळ्यांवर गंजाचे टिंब. आणि १०० मिमीच्या लांब स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) ६२० मिमीचं अरुंद हँडल, म्हणजे अंगाचं वजन सगळं तळहातावर.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. चेन, कॅसेट, पॅड, तारा आणि ओव्हरहॉल एवढ्यात, चार-पाच हजारांत, तीनपैकी दोन तक्रारी गेल्या असत्या. यादी करण्याआधी हे प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे, कारण झिजलेल्या सायकलीवर बसून "जुनं तंत्रज्ञानच वाईट" असा निष्कर्ष फार पटकन निघतो. पण इतक्या गोष्टी एकदम झिजलेल्या असताना दुसरा प्रश्नही रास्त होता. जो पार्ट तसाही बदलायचाच आहे, तो आहे तसाच घ्यायचा की नव्या पद्धतीचा? आम्ही ठरवलं की चर्चा फक्त तेवढ्याच पार्टची करायची. धड चाललेल्या पार्टला हात लावायचा नाही.

फ्रेम काय घेऊ देते

फ्रेमची काही मापं पैसे टाकून बदलत नाहीत. दादाच्या फ्रेमची हेड ट्यूब सरळ, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या स्टीअररची (फोर्कचा वर हँडलकडे जाणारा दांडा). आजचे बहुतेक चांगले फोर्क खाली दीड इंच होत जाणाऱ्या निमुळत्या स्टीअररचे असतात, ते यात शिरत नाहीत. मागच्या हबची जागा १३५ मिमी, क्विक रिलीजची (दांडी फिरवून हाताने सुटणारं चाक). आजच्या ट्रेल बाइकवर १४८ मिमीचा थ्रू अॅक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस, असतो. चाकाच्या रिमचा बैठकीचा व्यास ५५९ मिमी, म्हणजे आपलं २६ इंची. साडेसत्तावीसचा ५८४ आणि एकोणतीसचा ६२२.

२६ इंच हे माप कुणी प्रयोगशाळेत ठरवलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात पोरं जुन्या श्विन क्रूझर डोंगरावरून खाली सोडायची. त्या सायकलींना २६ इंची जाड टायर होते, तेच माप माउंटन बाइकला चिकटलं. ते सुटलं २०१२च्या आसपास. लंडन ऑलिम्पिकच्या पुरुषांच्या क्रॉसकंट्री शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीने २९ इंची सायकलवर सुवर्ण घेतलं, नीनो शुर्टरने साडेसत्तावीसवर रौप्य. त्यानंतर दोन-तीन वर्षांत महागड्या सायकलींतून २६ इंच जवळपास हद्दपार झालं.

युरोप-अमेरिकेत त्यामुळे २६च्या मालकांची पंचाईत होते. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. शाळकरी मुलांच्या, दूधवाल्यांच्या, कारखान्यात जाणाऱ्यांच्या साध्या माउंटन बाइक आजही २६ इंची असतात. हर्णेला ट्यूब फाटली तर तिथल्या पंक्चरवाल्याकडे २६ची मिळण्याची शक्यता २९पेक्षा कितीतरी जास्त. रिमचं भोक मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं असलं की काम अजून सोपं, आणि दादाचं ते तसंच आहे. कोकणच्या बेतासाठी ही मोठी जमेची बाजू.

साडेसत्तावीसची चाकं त्या फ्रेमला लावता आली असती का? डिस्क ब्रेक असल्याने ब्रेकची अडचण नाही, चाक कदाचित फिरलंही असतं. पण त्रिज्या साडेबारा मिमीने वाढते, चेनस्टेमधली फट संपते आणि मावळातल्या पावसाळी चिखलात चाक अडकून बसतं. सायकल तेवढीच उंचही होते. दोन नवी चाकं आणि दोन नवे टायर घेऊन सायकल आधीपेक्षा वाईट करायची, हे मला पटेना. यादीतलं हे कलम एका वाक्यात निकालात निघालं. ड्रॉपरही तसाच. मागे पिशव्या लावून डांबरावर जाणाऱ्याला सीट खालीवर करण्याची गरज पडत नाही.

गिअर: इथे खरा हिशेब आहे

सगळ्यात जास्त वाद याच कलमावर झाला. दादाचं म्हणणं होतं, "आता तीन चेनरिंग कोण वापरतं? सगळे एक बाय बाराच घेतात." हे खरं आहे, आणि त्यामागे कारणंही आहेत. डावा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) जातो, पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) जातो, आळीपाळीने जाड-बारीक दात असलेली चेनरिंग चेनला धरून ठेवते, मागच्या डिरेलरमधला क्लच चेन आपटू देत नाही. रोज टेकडीवरच्या दगडांतून जाणाऱ्याला मीही एकच चेनरिंग घ्यायला सांगेन.

पण दादाला हवा होता सोपा चढ. तो कुठे मिळतो ते मोजू. त्याच्या टायरचा घेर साधारण २.०७ मीटर. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले घेर, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं. हा आकडा जितका लहान तितका चढ हलका.

त्याची जुनी जोडी: पुढे २२, मागे ३२. एका फेऱ्याला १.४२ मीटर.
बाजारात सहज मिळणारा एक बाय नऊ: पुढे ३२, मागे ४२. १.५८ मीटर.
एक बाय अकरा: पुढे ३०, मागे ५१. १.२२ मीटर.
क्रँक (पायडलचे हात आणि पुढच्या चकत्या) जुन्याच मापाचा, पण मागे आठ गिअरची ११-३४ (सगळ्यात लहान ११, मोठी ३४ दात्यांची) कॅसेट: २२ आणि ३४. १.३४ मीटर.

म्हणजे "मॉडर्न" म्हणून एक बाय नऊ लावला असता तर दादाचा सगळ्यात हलका गिअर आधीपेक्षा जड झाला असता. ११-३४च्या तुलनेत पायाला साधारण १८ टक्के जास्त जोर. मिनिटाला साठ फेरे धरले तर १.३४ मीटरला ताशी ४.८ किलोमीटर वेग पडतो. पिशव्या लादून सड्यावर चढताना माणूस याच वेगाने जातो, आणि गिअर जड असेल तर इथेच उतरून सायकल ढकलतो. पुढे २८ची चेनरिंग लावून एक बाय नऊही हलका करता येतो, १.३८ मीटरपर्यंत. पण मग सगळ्यात मोठा गिअर ५.३ मीटरचा उरतो, आणि ताम्हिणी उतरल्यावर माणगावच्या रस्त्याला ताशी तीसनंतर पाय नुसते गरगर फिरतात.

एक बाय अकरा ११-५१ हा यातला खरा सुधारलेला पर्याय. शिमानोची डिओर एम५१०० मालिकेतली ती कॅसेट दादाच्या एचजी फ्रीहबवर बसते. त्याने मागितलेल्या बारा गिअरसाठी मात्र शिमानोला मायक्रो स्प्लाइन नावाचा आणि स्रॅमच्या वरच्या मालिकांना एक्सडी नावाचा फ्रीहब लागतो. तो त्याच्या हबला नाही, म्हणजे यांतलं काही घ्यायचं तर हबसकट मागचं चाक नवं. बारा आणि अकरा गिअरच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये चढणाऱ्या माणसाला जाणवेल असा फरक नाही, खर्चात मात्र एका चाकाचा फरक पडतो. बारा इथेच बाद झाले.

अकरा की तीन बाय आठ, हा प्रश्न उरला. अकराला डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, चेन, चेनरिंग असे पाचही पार्ट नवे लागतात. आठ गिअरचा डिरेलर दहा-अकराच्या शिफ्टरबरोबर चालत नाही, कारण तार ओढण्याचं प्रमाण वेगळं आहे. शिवाय ११-५१ कॅसेट झिजली की बदलायचा खर्च आठच्या कॅसेटच्या कितीतरी पट. आठची चेन आणि कॅसेट चिपळूणला, अलिबागलाही मिळण्यासारखी.

क्रँकने निर्णय पक्का केला. दादाच्या क्रँकच्या तिन्ही चेनरिंग रिव्हेट मारलेल्या होत्या, सुटी चेनरिंग बदलता येत नव्हती. म्हणजे क्रँक तसाही नवा. तो आम्ही ४२/३२/२२चाच घेतला, पण बोल्टने बसणाऱ्या चेनरिंगचा. पुढे कधी त्याला एकच चेनरिंग हवीशी वाटली तर फक्त तेवढीच बदलता येईल. बॉटम ब्रॅकेट चौकोनी आसाचा बंद काडतुसाचा, स्वस्त आणि टिकाऊ.

ब्रेक, आणि एकातून दुसरं

फक्त पॅड आणि तारा बदलल्या असत्या तर मेकॅनिकल डिस्क ब्रेक पुन्हा चांगले लागले असते. पण सिंहगडाचा उतार आणि मागे दहा-बारा किलो वजन धरता इथे मी हायड्रॉलिकच्या बाजूने होते. दोन बोटांत ब्रेक लागतो, हात थकत नाही, तारेच्या आवरणात पाणी शिरण्याचा प्रश्नच राहत नाही. शिमानोचा एमटी२०० हा साधा संच यासाठी पुरेसा आहे. त्यात मिनरल ऑइल असतं, ते हाताळायला सोपं. सायकलचे कान जुन्या आयएस पद्धतीचे, कॅलिपर पोस्ट माउंटचा, त्यासाठी छोटा अडॅप्टर लागतो.

पण त्या काळच्या बऱ्याच सायकलींसारखे दादाच्या सायकलचे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकाच साच्यातले होते. ब्रेक हायड्रॉलिक केले की शिफ्टर गेलाच. अपग्रेडचं बजेट कोलमडतं ते असल्याच ठिकाणी. किमतीच्या यादीत "ब्रेक" एवढंच लिहिलेलं असतं, आणि मागून शिफ्टर, तारा, ग्रिप, अडॅप्टर, कधी रोटरही येतात. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक पार्टपुढे "हा काढला की आणखी काय निघतं?" हे लिहून काढायचं. आम्ही तीन बाय आठचे सुटे शिफ्टर धरले. तीन चेनरिंगचा निर्णय इथे पुन्हा उपयोगी पडला, जुने दोन्ही डिरेलर तसेच राहिले.

कॅरिअरची अडचण मात्र सगळ्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या फ्रेमवर मागचा कॅलिपर सीटस्टेच्या वर बसतो आणि कॅरिअरची दांडी नेमकी तिथेच येते. डिस्कसाठी बाहेर काढलेला कॅरिअर किंवा लांब बोल्ट आणि स्पेसर घ्यावे लागतात. तरी फ्रेमला कॅरिअरचे आटे आहेत, हीच मोठी गोष्ट. आजच्या बऱ्याच ट्रेल हार्डटेलना ते नसतात.

नवी घेतली तर?

दादाने हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. पन्नास-साठ हजारांच्या आसपासची नवी हार्डटेल बघितली तर हायड्रॉलिक ब्रेक आणि मोठी चाकं मिळतात. फोर्क मात्र बहुतेक वेळा पुन्हा कॉइलचाच, आणि मागे पुन्हा क्विक रिलीज. एअर फोर्क, थ्रू अॅक्सल आणि नव्या भूमितीची फ्रेम हे तिन्ही एकत्र हवं असेल तर आकडा बराच वर जातो.

नव्या सायकलीत खरं विकत मिळतं ते भूमितीचं. जुन्या फ्रेमचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) ७०-७१ अंश, आजच्या ट्रेल हार्डटेलचा ६५-६७च्या आसपास. फ्रेम पुढे लांब, स्टेम आखूड. उभ्या दगडी उताराला हा फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि तो कुठलाही पार्ट लावून जुन्या फ्रेममध्ये येत नाही. म्हणून कुणी म्हणालं, "मला आता दर आठवड्याला खडतर उतार करायचे आहेत," तर त्याने जुन्यावर रुपयाही न घालता नवीसाठी साठवावेत. दादाला ते करायचं नव्हतं. सिंहगडच्या डांबराला आणि किनाऱ्याच्या रस्त्याला ७१ अंशांनी काही बिघडत नाही, उलट चढाला पुढचं चाक भरकटत नाही.

"सायकलच्या बाजारभावापेक्षा जास्त पैसे तिच्यावर घालू नयेत" असं खूप जण सांगतात. मला हे पटत नाही. पंधरा वर्षांच्या सायकलीचा बाजारभाव काहीच नसतो, त्या हिशेबाने तिला टायरही बदलू नये. तुलना करायची तर तेच काम करणारी दुसरी सायकल कितीला पडेल, याच्याशी करावी. आणि पार्ट निवडताना बघावं की उद्या नवी घेतली तर तो तिकडे जाईल का. ब्रेकचा संच, पायडल, सीट, ग्रिप जातात. २६ इंची चाकं आणि सरळ स्टीअररचा फोर्क जात नाहीत.

काय केलं

फोर्क सोडून सगळं एका दमात झालं. चेन, ११-३४ कॅसेट, क्रँक, बॉटम ब्रॅकेट, शिफ्टर, हायड्रॉलिक ब्रेक नव्या रोटरसह, २.२५ इंच रुंदीचे टायर, ७० मिमीचा स्टेम आणि ७०० मिमीचं हँडल, हब आणि हेडसेट उघडून नवं ग्रीस. मजुरी धरून वीस-बावीस हजार. टायरची हवा आम्ही डांबरासाठी ४०च्या आसपास आणि टेकडीसाठी ३० पीएसआयवर आणली. टायर घेण्याआधी चेनस्टेमधली फट मोजली होती, दोन्ही बाजूंना सहा-सात मिमी उरत होते, म्हणून २.२५ घेतले. आधी वाटलं होतं त्यापेक्षा मोठा फरक या टायरने आणि हवेने पडला. हाताच्या मुंग्यांची तक्रार बरीचशी तिथेच गेली, फोर्क जाम असतानाही. ब्रेकचे नवे पॅड बसवल्यावर दादाला सोसायटीच्या उतारावर वेग घेऊन हळूहळू थांबायला लावलं, पुन्हा पुन्हा, पॅड रोटरवर नीट बसेपर्यंत. हे न करता थेट सिंहगड उतरला असता तर नव्या ब्रेकबद्दलही तीच ओरड झाली असती.

फोर्कचा निर्णय वेगळा ठेवला, कारण तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात अडचणीचा. सरळ स्टीअरर, २६ इंच, क्विक रिलीज अशा मापाचा चांगला एअर फोर्क मिळणं कठीण. जास्त दबणारा, १४० मिमीचा वगैरे लावणं मला मान्य नव्हतं. फोर्कची लांबी दर २० मिमीने वाढली की हेड अँगल साधारण एक अंशाने ढळतो, आणि ज्या वेल्डला आम्ही खडू लावून तपासलं त्याच वेल्डवर ताण वाढतो.

माझा कल साध्या पोलादी रिजिड, म्हणजे न दबणाऱ्या फोर्ककडे आहे. दादाला ते ऐकून आधी धक्का बसला. "म्हणजे सस्पेन्शन काढून टाकायचं?" पण आत्ताचा फोर्क अडीच किलोच्या वर आहे आणि हलत नाही. रिजिड घेतला तर पुढचं वजन किलोभर कमी होतं, देखभाल शून्य, आणि काही फोर्कना पुढे पिशव्या लावायला आटेही असतात. टेकडीवरच्या मुरुमाला २.२५चा टायर ३० पीएसआयवर पुरेसा आहे. फक्त माप चुकता कामा नये. १०० मिमीचा २६ इंची सस्पेन्शन फोर्क अक्षापासून क्राउनपर्यंत (फोर्कच्या दोन पायांच्या वरच्या जोडापर्यंत) ४७० मिमीच्या आसपास भरतो आणि माणूस बसल्यावर वीस-पंचवीस मिमी दबतो. म्हणून रिजिड ४४० ते ४५० मिमीचा हवा, डिस्कचा कान असलेला. त्याहून आखूड घेतला तर सायकल पुढे झुकते आणि सगळं वजन परत हातावर येतं.

तो मागवला आहे. आला की स्टीअरर लगेच कापायचा नाही. दोन-अडीच सेंटिमीटरचे स्पेसर ठेवून आधी काही रविवार सिंहगड करायचा, हँडलची उंची ठरली की मगच करवत लावायची, असं दादाला सांगून ठेवलं आहे.